सिनेमाचा पेपर

सिनेमाच्या पेपरात सिनेमा दाखवत नाहीत. अडीच तासांचा पेपर, समोर प्रश्न आणि कोरी पानं. पडदा नाही, क्लिप नाही. एखादा प्रसंग आठवायचा आणि तो बघणाऱ्याला कोणाच्या बाजूला उभा करतो, ते कशावरून, हे लिहायचं. तेही गोष्ट सांगून भागत नाही. कॅमेरा किती उंचीवर होता, चेहरा किती जवळून दिसला, कट कुठे पडला, पाऊस आधी ऐकू आला की आधी दिसला, हे सगळं लागतं. ‘मला फार आवडला’ याला शून्य मार्क.

इंग्लंडमध्ये हा विषय आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची मुलं घेतात. सोळाव्या वर्षी जीसीएसईच्या परीक्षा झाल्या की पुढची दोन वर्षं ए लेव्हल. बहुतेक जण तीनच विषय घेतात, आणि सायन्स-कॉमर्स-आर्ट्स अशी कुंपणं नसतात. आमच्या लेकीने गणित, भूगोल आणि फिल्म स्टडीज घेतलं. गणित ऐकून आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, भूगोल ऐकून जरा कमी. तिसरा विषय ऐकल्यावर गणपतीच्या जेवणात एक काका म्हणाले, “म्हणजे सिनेमे बघायचे? मग आम्ही सगळे डबल ग्रॅज्युएट!” सगळे हसले. लेकही हसली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, “बाबा, काका मराठी बोलतात म्हणून त्यांना मराठीचा पेपर झेपेल का?”

हसणं फक्त आपल्या लोकांचं आहे असंही नाही. बिनकामाच्या वाटणाऱ्या विषयांना ‘मिकी माउस विषय’ म्हणायची इथल्या वर्तमानपत्रांना जुनी सवय आहे आणि सिनेमा, मीडिया वगैरे त्या टोपलीत ठरलेले. रसेल ग्रुप नावाचा इथल्या नावाजलेल्या विद्यापीठांचा गट आहे. पुढे कुठल्याही शाखेचं दार उघडं राहावं म्हणून शाळेत कुठले विषय घ्यावेत, याची यादी त्यांनी काही वर्षं छापली. गणित, विज्ञानाचे विषय, इतिहास, भूगोल, इंग्रजी साहित्य, भाषा. सिनेमा नाही, संगीत नाही, चित्रकलाही नाही. २०१९ मध्ये त्यांनी ती यादी मोडीत काढली. आईबापांच्या डोक्यातल्या याद्या काही अशा परिपत्रकाने मोडीत निघत नाहीत, पण लेकीच्या बाकीच्या दोन विषयांनी आमच्या घरातली यादी सांभाळून घेतली.

तिच्या कॉलेजात वेल्सच्या डब्ल्यूजेईसी या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम होता. इंग्लंडमध्ये तो एडुकास या नावाने चालतो, आणि आत्ताचं त्याचं रूप २०१७ पासूनचं. दोन लेखी पेपर, ३५-३५ टक्क्यांचे. उरलेले ३० टक्के स्वतः केलेल्या कामाला. दोन वर्षांत सिनेमे किती, तर अकरा: जुनं हॉलिवूड, नवं अमेरिकन, ब्रिटिश, इतर देशांतले, माहितीपट, मूकपट, प्रायोगिक. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापुरात एवढे सहज बघून टाकत होतो. फरक एवढाच की आम्ही एकेक सिनेमा बघून संपवायचो. हिचा एकेक सिनेमा महिनोन्महिने संपत नव्हता.

मूकपटात तिला बस्टर कीटनचे लघुपट होते. त्यातला १९२० चा ‘वन वीक’ मी तिच्याबरोबर बघितला. नवं लग्न झालेलं जोडपं खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांचं घर उभारतं, खोक्यांचे नंबर कोणीतरी बदललेले असतात आणि वाकडंतिकडं घर तयार होतं. शेवटी ते घर ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं. आगगाडी येते, दोघं डोळे झाकतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. आपण सुटकेचा श्वास सोडतो, तोच उलट्या दिशेने दुसरी गाडी येऊन घराच्या चिंधड्या करते. मी मनसोक्त हसलो. लेकीने मागे नेऊन पुन्हा लावलं आणि विचारलं, “कॅमेरा कुठे आहे?” लांब. सगळं घर, दोन्ही रूळ, सगळं चौकटीत मावेल एवढा लांब. “जवळ असता तर?” जवळ असता तर त्या दोघांचे घाबरलेले चेहरे दिसले असते आणि आपल्याला त्यांची कीव आली असती. लांब आहे म्हणून हसू येतं. आणि एवढं मोकळं दाखवूनही दुसरी गाडी कुठून येणार हे चौकटीने आपल्यापासून लपवलंय. तिसऱ्यांदा बघताना मला सगळं माहीत होतं, तरी हसू आलंच. यंत्र आतून बघितलं की मजा जाते असं म्हणतात, त्यावरचा माझा विश्वास त्या संध्याकाळी उडाला.

हा विषय इथल्या शाळांत आला कसा, ती हकिकत मला स्वतःला अभ्यासक्रमापेक्षा रंजक वाटते. १९५० साली काही शाळामास्तरांनी सोसायटी ऑफ फिल्म टीचर्स काढली. सिनेमाने पोरं बिघडतात ही तक्रार तेव्हा जोरात होती, आणि या मास्तरांचं म्हणणं असं की पोरं बघणारच आहेत, तर बघायला शिकवू. १९६३ मध्ये न्यूसम समितीचा अहवाल आला. तेरा ते सोळा वयाच्या, सरासरी आणि सरासरीपेक्षा कमी कुवतीच्या म्हटल्या गेलेल्या मुलांच्या शिक्षणाबद्दलचा. त्यात शाळेत सिनेमा आणि टेलिव्हिजन यांचा अभ्यास व्हावा अशी शिफारस होती. म्हणजे हुशार मुलांना शेक्सपिअर आणि उरलेल्यांना सिनेमा. काकांच्या हसण्याचं मूळ मला तिथे सापडतं. विषय जन्मालाच मागच्या बाकावर बसवला गेला.

पण मागच्या बाकावरच्यांनी काय केलं बघा. त्या मास्तरांच्या संस्थेचं पुढे सोसायटी फॉर एज्युकेशन इन फिल्म अँड टेलिव्हिजन असं नामांतर झालं आणि तिचं ‘स्क्रीन’ हे नियतकालिक निघालं. १९७५ च्या शरद अंकात लॉरा मल्व्ही यांचा निबंध आला: सिनेमातला कॅमेरा बहुतेक वेळा पुरुषाच्या डोळ्याने बघतो, बाई बघितली जाते, आणि प्रेक्षक, मग तो पुरुष असो की बाई, त्या डोळ्यामागे नेऊन बसवला जातो. जगभरच्या विद्यापीठांत आज हा निबंध शिकवतात. तो छापला शाळामास्तरांच्या संस्थेने, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. पन्नास वर्षांनी तो विचार एका कॉलेजच्या वर्गात सतरा वर्षांच्या मुलीच्या वहीत आला, तेव्हा तो जिथून निघाला होता तिथेच परतला असं म्हणायला हरकत नाही.

वहीतून तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आला, आणि त्याला कारण मणिरत्नम.

इतर देशांच्या सिनेमांची जी यादी होती, तिच्यात भारतातला ‘दिल से’ होता, १९९८ चा. भारतात तो पडला होता. ब्रिटनमध्ये मात्र पहिल्या दहांत गेला, आणि तिथवर पोचलेला तो पहिला हिंदी सिनेमा अशी त्याची ख्याती आहे. यादीत तो आहे म्हटल्यावर मला उगाचच अभिमान वाटला, जणू मीच लावून दिला. त्याची गाणी मला पाठ. निलगिरीच्या डोंगरातल्या आगगाडीच्या टपावरचं ते गाणं लागलं की आजही स्टिअरिंगवर बोटं वाजतात. लेकीला म्हटलं, यात काही अडलं तर मला विचार.

तिने विचारलं ते असं: “बाबा, ती नाही म्हणते आहे. किती वेळा म्हणते. तो ऐकत का नाही?”

सुरुवात आठवा. पावसाळी रात्र, आडगावचं स्टेशन, शाल पांघरून बसलेली बाई, मेघना. आकाशवाणीत काम करणारा अमर तिच्याशी बोलू बघतो. ती चहा मागते, तो धावत चहा आणायला जातो, आणि परत येतो तोवर ती गाडीत बसून निघालेली असते. त्यानंतर लगेच ते टपावरचं गाणं. लेकीचं म्हणणं, इथेच सिनेमाने ठरवून टाकलंय की आपण अमरच्या डोळ्यामागे बसायचं. मेघना आधी एक आकृती म्हणून दिसते, मग चेहरा म्हणून, आणि ती कोण हे आपल्याला तेव्हाच कळतं जेव्हा अमरला कळतं. तिचं आसाम, तिच्यावर सैनिकांनी केलेला अत्याचार, तिने हातात बॉम्ब का घेतला, हे सगळं सिनेमा इतका वेळ दाबून ठेवतो की तोपर्यंत आपण तिला अमरच्या प्रेमातली अडचण समजायला लागलेलो असतो. मग तिने विचारलं, की हे मणिरत्नमना कळलं नव्हतं, की कळून त्यांनी आपल्याला मुद्दाम तसं बसवलं?

मला उत्तर नव्हतं. आमच्या वयाच्या लोकांनी हा सिनेमा बघितला तो रहमानसाठी, शाहरुखसाठी आणि संतोष सिवन यांच्या कॅमेऱ्यासाठी. ईशान्येच्या प्रश्नासाठी थिएटरात गेलेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी तिच्याशी भांडलो, आणि तिथे मीच बरोबर होतो. वर्गातल्या चर्चेत गाणी म्हणजे गोष्टीतला थांबा असं निघालं होतं. गाणं आलं की कथा थांबते, प्रेक्षकाला विसावा, मग कथा पुढे. मी म्हटलं, हे आपला सिनेमा न बघितलेल्यांचं मत आहे. आपल्याकडे गाण्यातच तर कथा पुढे सरकते. अमर तिला नीट ओळखतही नाही, पण त्याच्या डोक्यात काय काय होऊन गेलंय ते आपल्याला गाण्यातूनच कळतं. ती टपावर नाचणारी बाई मेघना नाहीच. मेघना निघून गेली, आणि तिच्या जागी त्याच्या डोक्यात हा नाच सुरू झाला. लेक थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे गाणी त्याची आहेत. तिला गाणंच नाही स्वतःचं.” आता मी गप्प. हा मुद्दा तिने निबंधात लिहिला आणि बाईंनी समासात उद्गारचिन्ह काढलं. त्या बाई इंग्रज, हिंदी सिनेमा त्यांनी या विषयामुळेच बघायला घेतलेला. पुढच्या तासाला त्यांनी लेकीलाच गाण्याबद्दल बोलायला उभं केलं.

आता त्या ३० टक्क्यांबद्दल. चार-पाच मिनिटांचा लघुपट करायचा, किंवा पटकथा लिहून तिच्या एका भागाचा छायाचित्रांचा स्टोरीबोर्ड करायचा, आणि दोन्हीला जोडून आपल्याच कामाचं विश्लेषण लिहायचं. लेकीने लघुपट घेतला. नटमंडळी बाहेरून घेतलेली चालतात, पण कॅमेरा, संकलन ही कामं ज्याची त्यानेच करायची. नटमंडळी म्हणजे माझी बायको. विषय: परक्या देशात फोनची वाट बघणारी बाई. स्वयंपाकघर आमचंच. बायकोने पहिल्या टेकला चेहऱ्यावर असे काही भाव आणले की संगीत नाटकाचा पडदा उघडल्यासारखं वाटावं. लेक म्हणाली, “आई, काही करू नकोस. नुसता चहा कर.” चहा झाला, ओतला, पुन्हा झाला. दुपार गेली, दूध संपलं.

एडिटिंगच्या वेळी तिने सगळे संवाद काढून टाकले. राहिला चहा, खिडकी, टेबलावर पालथा ठेवलेला फोन, आणि चौकटीबाहेरून येणारी कुकरची शिट्टी. शिट्टी होते आणि बाई दचकून फोनकडे बघते. बस्स. कुकर कुठेच दिसत नाही. मी म्हटलं, इंग्रज परीक्षकाला ही शिट्टी कशाची ते कळेल का? ती म्हणाली, नाही कळली तर तो जास्त दचकेल. मला हे उत्तर ऐकून तिच्या अकरा सिनेमांची फी वसूल झाल्यासारखं वाटलं. (फी नव्हती. इथे त्या वयापर्यंत सरकारी कॉलेजात शिक्षण फुकट असतं. पण वसूल झाल्यासारखं वाटायला फी लागतेच असं नाही.)

सगळंच गोड होतं असं समजू नका. परीक्षा जवळ आली तसा विषयाचा रंग उडत गेला. मल्व्हीबाई एका ओळीत, रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन एका ओळीत, प्रत्येक सिनेमाचे ठरलेले तीन प्रसंग, प्रत्येक प्रसंगाला ठरलेली वाक्यं. प्रश्न काहीही येवो, ती तीन प्रसंगांची पुरचुंडी सोडायची. परीक्षेला क्लिप दाखवत नाहीत याचं मला सुरुवातीला कौतुक होतं, कारण त्याने माणूस नीट बघायला शिकतो. शेवटच्या महिन्यात दिसलं ते असं की त्याने माणूस पाठांतरही करतो. डोळ्यांपुढे प्रसंग आणायचा की प्रसंगाबद्दलचं वाक्य आणायचं, हे परीक्षकाला कळतं का? मला शंका आहे. आपल्या बारावीच्या गाइडांना नावं ठेवणाऱ्यांनी इथल्या मुलांच्या भिंतींवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या एकदा येऊन बघाव्यात. तरीही, चिठ्ठ्या परीक्षेनंतर कचऱ्यात गेल्या आणि सवय राहिली. आता घरात बातम्या लागल्या तरी ती विचारते, हा माणूस रडतानाच का दाखवला, त्याच्या आधीचं कुठे गेलं? ती पुढे सिनेमात जाणार नाहीये. भूगोल घेऊन विद्यापीठात जातेय, नद्या आणि पूर. ज्याला दिग्दर्शक व्हायचंय तो हे कधीतरी शिकेलच. ज्याला व्हायचं नाही, आणि जन्मभर पडद्यांसमोर बसायचंय, त्याला ते शिकायची हीच काय ती वेळ.

हे सगळं बघताना मला राग येत होता तो कोल्हापूरसाठी. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. शाळेत जाता-येता मी त्याला वळसा घालायचो. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, त्याच्यावर ‘सैरंध्री’ काढला, तो १९२० साली लागला. ‘प्रभात’ १९२९ मध्ये आमच्या गावात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि तिथल्या तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. यातलं काहीही मला शाळेने सांगितलं नाही. सांगितलं ते घरातल्या म्हाताऱ्यांनी, तेही कोण कोणाच्या शूटिंगला गर्दीत उभा होता एवढंच. दहावीच्या वर्षी तर आमच्या घरातल्या टीव्हीवर चादर पडली आणि शनिवारचा मराठी, रविवारचा हिंदी सिनेमा शेजाऱ्यांच्या भिंतीतून नुसता ऐकू यायचा. आजही फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुख्य अभ्यासक्रमांना आधी कुठली तरी पदवी लागते. उन्हाळ्यात भरणारा चित्रपट रसास्वादाचा वर्ग चांगला, पण तो मोठ्यांचा. सोळा-सतराच्या मुलाला आपल्याकडे सिनेमा भेटतो तो अभ्यास बुडवल्याचा पुरावा म्हणून.

माझा एक मित्र तिकडे ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. त्याच्याशी फोनवर बोलता बोलता मी एडुकासच्या धर्तीवर एक प्रश्न रचला. त्यांच्याकडे दोन हॉलिवूड सिनेमे घेऊन तुलना करायला सांगतात. मी घेतला हरिश्चंद्र. फाळक्यांच्या हरिश्चंद्रात तारामती झाले अण्णा साळुंके, कारण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला बाई मिळेना. ‘प्रभात’ने १९३२ मध्ये कोल्हापुरात तीच गोष्ट ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात काढली, शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. दोन्हींचं बघण्याजोगं काही ना काही शिल्लक आहे. मधे वीसेक वर्षं. तर प्रश्न असा: राणीच्या जागी पुरुष उभा असताना कॅमेरा तिच्यापासून किती लांब राहतो, आणि खरी बाई आल्यावर किती जवळ जातो? जवळ जातो तेव्हा आपण राणीचं दुःख बघतो, की दुर्गाबाईंचा चेहरा?

मित्र म्हणाला, प्रश्न झकास, पण बारावीची पोरं सीईटीच्या क्लासला असतात, अकरावीचीच मिळतील, आणि मार्क नाहीत म्हटल्यावर पंधरा आली तरी डोक्यावरून पाणी. मी म्हटलं, पंधरा चालतील. दिवाळीनंतरचा शनिवार ठरलाय, फिजिक्सची लॅब मिळणार आहे, पडदे काळे आहेत म्हणे. प्रोजेक्टरचा बल्ब गेलेला आहे. तो कोणी घ्यायचा यावर सध्या बोलणं चालू आहे.